एकाच नावाच्या दोन वड्या
(ग्रेनाडा बेटावरील कोको आणि चॉकलेट : एक टिपण)

तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र

माझा मामा व्यापारी जहाजावर नोकरीला आहे. आमच्या गावात प्रत्येक वाडीतली दोन-चार माणसे बोटीवर असतात, त्यामुळे यात नवल काही नाही. गेल्या दिवाळीत तो सुट्टीवर आला, तेव्हा युरोपातल्या एका बंदरातून त्याने चॉकलेटच्या दोन वड्या आणल्या होत्या. दोन्ही वड्यांच्या वेष्टनांवर ठळक अक्षरांत एकच शब्द होता : ग्रेनाडा. आजीने एक तुकडा तोंडात टाकला आणि "साखर घालायची विसरले काय हे लोक?" असे म्हणून पाण्याचा तांब्या जवळ ओढला. आम्हा भावंडांना मात्र ती कडसर चव हळूहळू आवडू लागली.

वडिलांनी चव घेण्याआधी चष्मा लावला आणि दोन्ही वेष्टने उलटसुलट करून वाचली. आमची काजूची बाग आहे; वजन, भाव आणि बारीक अक्षरे वाचण्याची त्यांना सवय आहे. थोड्या वेळाने ते मला म्हणाले, "हे बघ, ही वडी युरोपात केलेली आहे, आणि ही त्या बेटावरच केलेली आहे. नाव मात्र दोघींवर बेटाचंच. तू अर्थशास्त्र शिकतोस ना? मग सांग, ग्रेनाडाची वडी म्हणायची ती कुठली?"

मी म्हणालो, "बाबा, कोको दोघींत तिथलाच आहे, म्हणजे दोन्ही." त्यांनी मान हलवली, पण त्यांचे समाधान झालेले नाही हे मला कळले. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. सुट्टी संपल्यावर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि इतरत्र या विषयावर जे वाचायला मिळाले ते वाचले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

बेट आणि त्याचे पीक

ग्रेनाडा हे कॅरिबियन समुद्राच्या आग्नेय कडेला, व्हेनेझुएलाच्या उत्तरेस असलेले छोटेसे राष्ट्र आहे. ग्रेनाडा, कॅरिआकू आणि पेटीट मार्टिनिक ही त्यातली प्रमुख तीन बेटे. सगळे क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीपेक्षाही कमी. लोकसंख्या लाखाच्या थोडी वर. क्रिकेटच्या निमित्ताने हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. मला मात्र या देशाची पहिली ओळख त्याच्या ध्वजावरून झाली. लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांच्या त्या ध्वजावर डाव्या बाजूला चक्क एक जायफळ आहे! श्रीखंडात आणि पुरणात घालायला आजी जे सहाणेवर उगाळते तेच जायफळ एका देशाच्या ध्वजावर पाहून गंमत वाटली. इंडोनेशियाच्या खालोखाल जायफळ पिकवणारा देश म्हणून ग्रेनाडाची दीर्घकाळ ख्याती होती, त्याचे हे चिन्ह.

परंतु या मसाल्याच्या बेटाचा इतिहास गोड वासाचा नाही. फ्रेंचांनी १६४९ मध्ये येथे वसाहत केली आणि मूळ रहिवाशांचा जवळजवळ नायनाट केला. १७६३ च्या पॅरिस तहाने बेट इंग्रजांकडे गेले. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उसाचे मळे उभे राहिले. कोको बेटावर आणला तो फ्रेंचांनी, अठराव्या शतकात. १७९५ मध्ये इंग्रजांविरुद्ध जो मोठा उठाव झाला त्याचा नेता ज्यूलियाँ फेदाँ हा स्वतः कॉफी आणि कोकोच्या मळ्याचा मालक होता, ही नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्यांना लक्षणीय वाटावी.

१८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये सक्तीच्या उमेदवारीची मुदतही संपली. मुक्त झालेल्या माणसांना उसाच्या मळ्यावर परत जायचे नव्हते. मळेवाल्यांनी मग मजूर शोधले ते आपल्या देशात. १ मे १८५७ रोजी 'मेडस्टोन' नावाचे जहाज हिंदी करारबद्ध मजुरांना घेऊन ग्रेनाडाच्या उत्तर किनाऱ्याला लागले. मीरतला उठावाचा भडका उडाला तो त्यानंतर नऊ दिवसांनी. एकाच महिन्यातल्या या दोन घटनांपैकी एक आपण शाळेपासून शिकतो. दुसरी मला या वाचनातच प्रथम कळली. पुढच्या सुमारे तीस वर्षांत तीन हजारांवर हिंदी माणसे तेथे गेली. त्यांचे वंशज आजही त्या बेटावर आहेत.

तरीही ऊस टिकला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची जागा कोकोने घेतली. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उसाला गाळपासाठी मोठा घाणा आणि मोठे भांडवल लागते. तोडलेला ऊस थांबत नाही. कोकोचे तसे नाही. दोन-तीन एकरांचा धनीही केळीच्या आणि जायफळाच्या सावलीत कोकोची झाडे लावू शकतो, बिया आंबवून वाळवू शकतो आणि पोत्यात भरून बंदरावर नेऊ शकतो. गुलामांच्या नातवंडांना स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यावर उभे राहण्याचा आधार या झाडाने दिला. म्हणूनच ग्रेनाडात कोको हे मुख्यतः लहान शेतकऱ्याचे पीक झाले.

मात्र पोते बंदरावर पोहोचले की शेतकऱ्याचा संबंध संपत असे. बियांचे चॉकलेट होई ते परदेशात. ७ फेब्रुवारी १९७४ रोजी देश स्वतंत्र झाला, १९७९ मध्ये मॉरिस बिशप यांच्या नेतृत्वाखाली क्रांती झाली, ऑक्टोबर १९८३ मध्ये बिशप यांची हत्या झाली आणि पाठोपाठ अमेरिकेचे सैन्य उतरले. राज्ये अशी बदलत गेली. कोकोच्या पोत्याचा प्रवास तोच राहिला.

'एकाच मुलखाचे' म्हणजे काय?

आपण दुकानातून जे नेहमीचे चॉकलेट घेतो त्यातला कोको कुठला, हे सहसा कोणालाच सांगता येत नाही. जगात दर वर्षी साधारण चाळीस ते पन्नास लाख टन कोको पिकतो. त्यातला निम्म्याहून अधिक पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांतला असतो. मोठे कारखानदार अनेक ठिकाणच्या बिया एकत्र करतात, कारण त्यांना दर वर्षी आणि दर वडीला तीच चव हवी असते. बाजारातल्या मिश्र चहासारखाच हा प्रकार आहे.

याउलट, एकाच देशातल्या, कधी एकाच मळ्यातल्या बिया वापरून केलेल्या चॉकलेटला 'सिंगल ओरिजिन' असे म्हणतात. दार्जिलिंगचा चहा इतर चहात न मिसळता विकावा, किंवा देवगडच्या हापूसची पेटी देवगडच्याच नावाने विकावी, तशातलाच हा प्रकार. येथे चव एकसारखी असावी असा आग्रह नसतो. त्या जमिनीची, त्या वर्षाच्या पावसाची आणि त्या हातांची चव कळावी अशी अपेक्षा असते.

ग्रेनाडाचा कोको या दृष्टीने भाग्यवान आहे. तेथील झाडे प्रामुख्याने 'त्रिनितारिओ' जातीची आहेत. शेजारच्या त्रिनिदाद बेटावर अठराव्या शतकात जुन्या नाजूक क्रिओलो जातीची बाग मोठ्या प्रमाणात नष्ट झाली. पुढे मुख्य भूमीवरून आणलेल्या कणखर फोरास्तेरो जातीशी उरलेल्या झाडांचा संकर होऊन ही जात निर्माण झाली. एकीची चव आणि दुसरीचा काटकपणा तिच्यात आला. आंतरराष्ट्रीय कोको संघटनेने ग्रेनाडाचा कोको उत्तम चवीच्या कोकोत गणला आहे.

झाडापासून वडीपर्यंत

कोकोचे झाड पाहिले नसेल त्याने फणस डोळ्यांसमोर आणावा. फणसाप्रमाणेच कोकोची फळे थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतात. फळ वीतभर लांबीचे, खाचांचे, पिकल्यावर पिवळे किंवा लालसर. ते कोयत्याने फोडले की आत पांढऱ्या गोडसर गरात लपेटलेल्या तीस-चाळीस बिया दिसतात. हा गर सीताफळाच्या गरासारखा चोखून खाता येतो. बी मात्र चावली तर कडू आणि तुरट लागते; चॉकलेटचा तिच्यात मागमूसही नसतो. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले. चॉकलेटची चव झाडावर लागत नाही. ती पुढे माणसाच्या कामातून येते.

पहिले काम आंबवण्याचे. गरासकट बिया लाकडी पेट्यांत भरतात आणि वर केळीची पाने व गोणपाट झाकतात. गरातल्या साखरेचे आधी मद्य आणि मग आम्ल होते, ढीग आतून तापतो आणि पंचेचाळीस-पन्नास अंशांपर्यंत जातो. त्या उष्णतेने बी मरते, तिच्या आतले पदार्थ फुटतात आणि पुढे भाजल्यावर जो सुगंध यायचा त्याची तयारी येथे होते. सहा-सात दिवस हे चालते. मधूनमधून बिया एका पेटीतून दुसऱ्या पेटीत उलटाव्या लागतात. एक-दोन दिवस कमी पडले तर बी तुरट राहते. जास्त झाले तर कुजका वास येतो. कधी थांबायचे हे हात आणि नाक सांगते.

दुसरे काम वाळवण्याचे. ग्रेनाडात रुंद लाकडी फळ्यांच्या पाट्यांवर बिया उन्हात पसरतात. जुन्या मळ्यांत या पाट्यांखाली चाके आणि रूळ असतात. पावसाची सर आली की अख्खी पाटी इमारतीखाली ढकलून देतात. आगोटीच्या तोंडावर सुपारी आणि आमसुले वाळवणाऱ्या कोकणी माणसाला ही युक्ती चटकन कळेल. बिया सारख्या वाळाव्यात म्हणून बाया-माणसे अनवाणी पायांनी त्यांतून ओळीने पाय घासत चालतात. त्या चालण्याला तेथे 'कोको नाचवणे' म्हणतात. आठवडाभरात बीतला ओलावा सात टक्क्यांच्या आसपास येतो.

शतकानुशतके बेटावरचे काम येथेच थांबत आले. घरगुती वापरासाठी बाया बिया भाजून, कुटून, दालचिनी-जायफळ घालून त्याचे गोळे करत आणि दुधापाण्यात उकळून पीत. हे पेय तेथे 'कोको टी' म्हणून प्रसिद्ध आहे आणि आजही घरोघरी होते. पण बाजारात विकण्याचे चॉकलेट करण्याची पुढची कामे समुद्रापलीकडे होत.

ती कामे थोडक्यात अशी. बिया भाजायच्या, फोडायच्या, टरफल पाखडून काढायचे. उरलेला गर दगडी यंत्रात दळला की त्याचे पीठ न होता रबडी होते, कारण बीत वजनाच्या जवळजवळ निम्मा स्निग्धांश असतो. त्यात साखर घालून तासन्‌तास, कधी दिवसभराहून अधिक वेळ घोटायचे. त्याने कण बारीक होतात आणि आंबूस वास उडून जातो. घोटण्याचे हे यंत्र स्वित्झर्लंडच्या रोडोल्फ लिंट याने १८७९ मध्ये काढले. शेवटी रबडी ठरावीक अंशांपर्यंत थंड आणि पुन्हा किंचित गरम करून साच्यात ओतायची. हे नीट साधले तर वडी चकचकीत होते, टचकन मोडते आणि तोंडातल्या उष्णतेने बरोबर विरघळते.

ही कामे बेटावर का होत नसत? कारणे साधी आहेत. यंत्रे महाग आणि मोठ्या कारखान्याच्या मापाची असत. वीज महाग. हवा दमट आणि उष्ण, त्यामुळे तयार वडी वितळण्याची धास्ती. ग्राहक हजारो मैल दूर. शिवाय खरेदीदाराला कच्ची बी हवी होती, आणि विकणाऱ्याला रोख पैसे. यातले एकेक कारण ओलांडता येण्याजोगे होते. सगळी मिळून मात्र भिंत होत असे. परिणामी साध्या दुधाच्या चॉकलेटला ग्राहक जी किंमत देतो तीतला दहा टक्क्यांहूनही कमी वाटा कोको पिकवणाऱ्याच्या पदरी पडतो.

येथे वर्गात शिकलेले आठवते. कच्चा माल विकणाऱ्या देशांच्या व्यापारशर्ती दीर्घकाळात प्रतिकूल होत जातात, हे राऊल प्रेबिश आणि हान्स सिंगर यांनी १९५० मध्ये मांडले. त्याच वर्षी ब्रिटिश वेस्ट इंडीजमध्ये उद्योग कसे उभारता येतील यावर आर्थर लुईस यांनी आपला प्रबंध लिहिला. ज्यांचे १९५४ चे द्विक्षेत्रीय प्रतिमान आपण परीक्षेसाठी आकृतीसह पाठ करतो तेच हे लुईस; ते ग्रेनाडाजवळच्याच सेंट लुशिया बेटावर जन्मले होते. प्रतिमानातल्या त्या वक्ररेषेमागे अशी बेटे होती, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

हर्मिटेजचा कारखाना

१९९९ मध्ये ग्रेनाडाच्या उत्तर भागातील हर्मिटेज गावात तिघा मित्रांनी एक छोटा चॉकलेटचा कारखाना काढला. मॉट ग्रीन आणि डग ब्राउन हे अमेरिकन, एडमंड ब्राउन हा ग्रेनाडाचा रहिवासी. ग्रीन याचे मूळ नाव डेव्हिड फ्रीडमन. न्यूयॉर्कमध्ये वाढलेला हा तरुण विद्यापीठाचे शिक्षण अर्धवट सोडून बाहेर पडला होता आणि ग्रेनाडाच्या रानात स्वतः बांधलेल्या झोपडीत राहिला होता. शेजाऱ्यांच्या घरी कोको टी पिता पिता त्याच्या मनात प्रश्न आला, की हे लोक इतका चांगला कोको पिकवतात, तर चॉकलेट इथेच का होऊ नये?

वर सांगितलेली भिंत त्यांनी एकेक वीट काढून पाडली. मोठ्या मापाची यंत्रे परवडत नव्हती, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीची जुनी, लहान यंत्रे शोधून दुरुस्त केली. काही स्वतः घडवली. विजेसाठी छपरावर सौर तावदाने बसवली. कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची सेंद्रिय शेतीची सहकारी संस्था उभी केली आणि त्यांना प्रचलित भावापेक्षा अधिक भाव दिला. बिया आंबवण्याचे आणि वाळवण्याचे काम जवळच्या बेलमाँट या जुन्या मळ्यावर होऊ लागले. अशा रीतीने झाडापासून वडीपर्यंतची सगळी कामे काही मैलांच्या परिसरात आली. एक बारीक गोष्ट नमूद करावीशी वाटते : ज्या बेटावर एके काळी ऊसच ऊस होता, तेथे या वड्यांसाठी सेंद्रिय साखर मात्र बाहेरून आणावी लागली.

संकटे आली. ७ सप्टेंबर २००४ रोजी 'आयव्हन' वादळाने बेट झोडपून काढले. बहुसंख्य घरांची छपरे गेली आणि जायफळाच्या बागा आडव्या झाल्या. ज्या जायफळाला फळायला वर्षानुवर्षे लागतात त्या पिकाचे नुकसान लवकर भरून येणारे नव्हते. कोकोचे झाड त्या मानाने लवकर फळते. अनेकांचा आधार पुन्हा एकदा कोकोच झाला. २००८ मध्ये डग ब्राउन वारले. कारखाना चालू राहिला आणि त्याच्या वड्यांना लंडनच्या अकादमी ऑफ चॉकलेटची पदके मिळाली.

२०१२ मध्ये तर 'त्रेस ओम्ब्रेस' नावाच्या, इंजिन नसलेल्या शिडाच्या जहाजातून हजारो वड्या युरोपात गेल्या आणि नेदरलँड्समध्ये स्वयंसेवकांनी त्या सायकलींवरून पोहोचवल्या. मामाला ही हकीकत सांगितली तेव्हा जहाजावर आयुष्य गेलेला तो माणसू हसला आणि म्हणाला, "शिडाच्या गलबतावर माझे आजोबा होते. ते लोक आता उलटे निघाले म्हणायचे." त्याच वर्षी कुमकुम भवनानी या भारतीय वंशाच्या दिग्दर्शिकेने या कारखान्यावर 'नथिंग लाइक चॉकलेट' हा माहितीपट केला.

१ जून २०१३ रोजी वड्या थंड ठेवण्याच्या यंत्रणेवर काम करीत असता विजेचा धक्का बसून मॉट ग्रीन यांचा मृत्यू झाला. ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. एका माणसाच्या ध्यासावर उभी असलेली संस्था त्याच्या मागे कोसळते, असा आपला अनुभव. येथे तसे झाले नाही. कारखाना चालू राहिला. शिवाय बेटावर चॉकलेट करणारे आणखी काही लहान कारखाने निघाले आणि २०१४ पासून तेथे चॉकलेटचा उत्सवही भरू लागला.

एक आक्षेप

हे सगळे मी आमच्या सरांना सांगितले तेव्हा त्यांनी एक रास्त प्रश्न विचारला. ते म्हणाले, "ग्रेनाडाचे उत्पादन किती? जगाच्या तुलनेत चिमूटभर. ही महाग वडी घेणार कोण? श्रीमंत देशांतले हौशी ग्राहक. मग हे उदाहरण म्हणायचे की अपवाद?"

आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. ग्रेनाडाचा कोको टनांच्या शेकड्यांत मोजावा लागतो. आयव्हरी कोस्टचा लाखांत. तेथील लाखो शेतकऱ्यांचे प्रश्न हौशी वड्यांनी सुटणार नाहीत. त्या देशांत कोकोच्या शेतांवर मुले राबतात, ही जगाला माहीत असलेली गोष्ट आहे. भावाचेही तसेच. रोग आणि हवामान यांमुळे आफ्रिकेतले पीक घटले आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला बारा हजार डॉलरांच्या वर गेला. पुढे तो पुन्हा उतरला. अशा चढउतारात बी विकणारा शेतकरी भाव ठरवत नाही, तो फक्त ऐकतो.

पण मला वाटते, लहान उदाहरणाचाही एक उपयोग असतो. कुलूप नेमके कुठे आहे हे ते दाखवते. आणि असे उदाहरण शोधायला समुद्र ओलांडण्याचीही गरज नाही. कर्नाटक आणि केरळमध्ये सुपारीच्या बागांत कोको लावला गेला, आणि १९८० च्या सुमारास भाव कोसळून खरेदी थंडावली तेव्हा बागायतदार हवालदिल झाले. १९७३ मध्ये मंगळूरला स्थापन झालेल्या 'कॅम्पको' या त्यांच्याच सहकारी संस्थेने तेव्हा कोको विकत घेतला, आणि १९८६ मध्ये पुत्तूर येथे चॉकलेटचा कारखाना सुरू केला. तो आजही चालू आहे. त्याची वडी हौशी ग्राहकासाठी नाही. सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला यातले तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. त्या कारखान्यांत पुढे काय काय झाले हेही आपण जाणतो. म्हणून सहकार हा शब्द उच्चारला की प्रश्न संपला असेही मी म्हणणार नाही.

उत्तर

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळतो. दोन्ही वड्यांवरचे नाव खरे आहे. दोन्हींत ग्रेनाडाचाच कोको आहे आणि युरोपातल्या कारागिराने कोणाची फसवणूक केलेली नाही. उलट बेटाचे नाव ठळक छापून त्याने त्या कोकोचा मानच केला आहे, आणि कदाचित भावही बरा दिला असेल. परंतु पहिल्या वडीत बेटाचे नाव आणि बेटाची चव आहे. दुसरीत नाव, चव आणि कामही आहे. भाजणाऱ्याची, घोटणाऱ्याची, साचा भरणाऱ्याची मजुरी, यंत्र दुरुस्त करणाऱ्याचे ज्ञान आणि शेवटी उरणारा नफा, हे सारे दुसऱ्या वडीने बेटावर ठेवले. एखाद्या मुलखाचे नाव मालावर येणे ही पहिली पायरी आहे. त्या नावाची किंमत त्या मुलखात राहणे ही त्यापुढची, आणि ती अधिक कठीण आहे.

शिमग्याला घरी गेलो तेव्हा हे वडिलांना सांगितले. काजूचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. ओटीवर बियांचा ढीग होता आणि दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा होता. आमच्याकडे साधारण चार-साडेचार किलो बीतून एक किलो गर निघतो. दोघांच्या भावातला फरक वाचकांनी किराणा दुकानात जाऊन पाहावा. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. म्हणजे नाव आहे.

वडिलांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग ढिगातली एक बी उचलून बोटांत फिरवत ते म्हणाले, "म्हणजे आपली पहिली वडी." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "ती जुनी यंत्रं त्या लोकांनी दुरुस्त केली म्हणालास, ती केवढी होती?"

मला माप सांगता आले नाही. ते शोधून काढायचे मी त्यांना कबूल केले आहे.